सव्वीसपैकी सव्वीस

फरीदा आतारला लहानपणापासनं एक वाईट सवय. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. औंधात तिचे अब्बा यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला अत्तर, सुरमा आणि बांगड्या विकायचे. गिऱ्हाइकानं मोगऱ्याचं अत्तर मागितलं की ही एवढीशी पोर विचारायची, "मोगऱ्याला पाकळ्या किती असत्यात, सांगा बघू?" आणि बघत बसायची. गिऱ्हाईक बिचारं अत्तर न घेताच पुढच्या दुकानात जायचं. पुढं ती वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक झाली तेव्हा अब्बांचा जीव भांड्यात पडला. आता निदान समोरची गिऱ्हाइकं तास संपेपर्यंत उठून जाऊ शकत नव्हती.

लग्नाचंही तेच झालं. मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा नाकीडोळी नीटस, पगार चांगला. त्याच्या आईनं चहा पिता पिता विचारलं, "लग्नानंतर नोकरी सोडशील ना, बेटा?" फरीदानं विचारलं, "तुमचा मुलगा सोडेल का?" टोमणा नव्हता हो तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून ती त्या बाईंच्या तोंडाकडं बघत बसली. मंडळी निम्मा चहा तसाच ठेवून उठली. मग अम्मीचं दुखणं निघालं, ते नऊ वर्षं चाललं, आणि अम्मी गेल्या तेव्हा फरीदा बेचाळिशीला आली होती. आता बावन्न. कडेगावात मनुबाईंच्या माडीवर दोन खोल्या, एक गॅस, एक कपाटभर पुस्तकं, आणि गच्चीवर सतरा कुंड्या. कुंड्यांशी ती बोलते, आणि तेही त्यांच्या लॅटिन नावानं. साध्या सदाफुलीला असली भारदस्त हाक मारते की सदाफुली दचकत असणार.

दुपारी साडेचारला कॉलेजातनं आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला "मॅडम, भांडं!" म्हणेपर्यंत तिच्याशी बोलणारं कुणी नाही. मनुबाई खाली असायच्या, पण त्यांच्या मालिका साडेसहाला चालू व्हायच्या, आणि त्यात तिसऱ्या माणसानं तोंड उघडलेलं त्यांना खपायचं नाही. एका रविवारी फरीदानं मोजलं. दिवसभरात तिच्या तोंडातनं सोळा शब्द बाहेर पडले होते. त्यातले अकरा कुंड्यांना. तिनं हे मोजलं ह्याचंच तिला इतकं वाईट वाटलं, की पुन्हा कधी मोजलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर्गात पोरं होती की. होती. कडेगाव रस्त्यावरचं एक कॉलेज, नाव कशाला घ्यायचं, तिथं बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सव्वीस जण. फरीदा जीव तोडून शिकवायची. फळ्यावर असं फूल काढायची की भुंगा येऊन बसावा. मग मागं वळून विचारायची, "समजलं का?" सव्वीस तोंडं एका सुरात म्हणायची, "हो मॅडम." प्रार्थना म्हणतात ना, तसं. ह्या "हो मॅडम"च्या आत काय असतं, हे तिला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. एखाद्याला उभं करून विचारावं, तर तो जमिनीकडं बघायचा आणि ही त्याच्याकडं. असा निम्मा तास जायचा.

दिवाळीनंतर सांगलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मोबाईलवरनं मुलांना शिकण्यात कसं गुंतवायचं, त्याचं. बाकीचे प्राध्यापक जेवणाच्या चौकशीला लागले, ही पहिल्या बाकावर. शिकवणारा पोरगा तिच्या भाच्याएवढा. तो म्हणाला, "मॅडम, मुलं तोंडानं बोलत नसतील तर बोटानं बोलतील." हे वाक्य फरीदाच्या काळजात जाऊन बसलं. मग तिनं त्या पोराला असे काही प्रश्न विचारले की दोन्ही दिवस त्याचं जेवण थंड झालं.

घरी येऊन तिनं ॲप उतरवून घेतलं. प्रत्येक मुलाला खातं उघडून दिलं, पासवर्ड म्हणून ज्याचा त्याचा रोल नंबर. रोज संध्याकाळी सातला पाच प्रश्नांची लिंक जायची. पाच प्रश्नांच्या खाली तिनं स्वतःच्या मनानं एक मोकळा रकाना ठेवला. 'आज काय समजलं नाही? एक ओळ लिहा.' त्याला मॅडमनं वेगळं उत्तर द्यायचं, ज्याचं त्याला.

पहिल्या दिवशी चार उत्तरं आली. दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी दोन. त्यातल्या एकानं रकान्यात लिहिलं होतं, 'काही नाही'. प्राचार्यांना सांगितल्यावर ते हसले. "आतार मॅडम, अहो मार्क लावा. मार्काशिवाय आपली पोरं दार उघडत नाहीत." तिनं इंटरनलचे वीस मार्क लावले. रकाना मोकळा सोडला तर अर्धा मार्क कट.

पुढच्या सोमवारी सव्वीसपैकी सव्वीस उत्तरं आली.

त्या संध्याकाळी फरीदा माडीवर नुसती इकडनं तिकडं फिरत होती. मोबाईल दर दोन-तीन मिनिटांनी टुण्‌ करायचा. 'मॅडम, मुळाला डोळे नसतात तर पाणी कुठं आहे ते त्याला कसं कळतं?' 'मॅडम, मूळ मेलं तर झाडाला कधी समजतं?' ती उभ्या उभ्या वाचत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, "अरे वा! वा रे पठ्ठ्या!" कुंड्यांना वाटलं असेल आपल्यालाच.

तेव्हापासनं तिचा दिवस सातला सुरू व्हायला लागला. जेवण सहाला उरकायचं. सात ते नऊ सव्वीस जणांना सव्वीस उत्तरं. एका बोटानं टाइप करायची, त्यामुळं तिच्या बोटाला घट्टा पडला. नुसतं उत्तर देईल तर ती फरीदा कसली. ती उलट प्रश्न विचारायची, घरचं विचारायची. शंभूराज नावाचा एक पोरगा होता, वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसणारा. त्याच्या रकान्यात एकदा आलं, 'आईचा हात मोडलाय, म्हणून वाचता आलं नाही.' फरीदानं त्याला शेवग्याच्या पाल्यातल्या कॅल्शियमपासनं सुरुवात करून पानभर पत्र लिहिलं.

मनुबाईंना संशय आला. एकदा मालिका चालू असताना त्या स्वतःहून जिना चढून वर आल्या, म्हणजे बघा.

"मॅडम, कुणाशी बोलताय रोज सातला?"

"पोरांशी, मनुबाई. अभ्यासाचं."

"अभ्यासाचं बोलताना कुणी एवढं हसतं व्हय? खाली आयकू येतंय. आसंल कुणी तर सांगा बाई. बावन्न म्हंजे काय लय वय न्हाई. त्या वरच्या आळीतल्या मास्तरानं साठीला केलं."

फरीदा अशी लाजली की मनुबाईंचा संशय पक्का झाला.

लोणंदला तिची धाकटी बहीण सबीना. नवऱ्याचा कांद्याचा व्यापार, घर माणसांनी भरलेलं, फोनवर बोलताना पाठीमागं कायम तीन भांडणं चालू. पूर्वी सबीनानं फोन केला की फरीदा सांगायची, "बरी हाय." संपलं. आता तासभर पोरांच्या गोष्टी.

"आज सगळ्यांचा मूड खायचा होता बघ. एक म्हणतो कमळाच्या देठाची भाजी होते का, दुसरा म्हणतो केळफूल कडू का लागतं. काल सगळे थट्टेच्या मूडमध्ये. वर्गाचा सुद्धा एक स्वभाव असतो, सबीना. रोज बदलतो."

"आपा," सबीना म्हणाली, "सव्वीस जणास्नी एकदम भूक लागती? माझ्या घरात सात जण हायत, दोघांस्नी एकदम लागत न्हाई."

"तू काय शिकवलंयस का कधी!"

"न्हाई बाई. मी निस्तं जेवाय वाढलंय."

फरीदानं ते हसण्यावारी नेलं. वर्गात मात्र तिला एक खटकायचं. पोरं अजून तशीच होती. "समजलं का?" "हो मॅडम." एकदा तिनं शंभूराजला विचारलं, "आईचा हात कसा आहे रे आता?" शंभूराजनं पुढच्या बाकावरच्या विश्वजीतकडं बघितलं, विश्वजीतनं पलीकडच्या साक्षीकडं, आणि साक्षीनं खिडकीतनं बाहेर. "बरा हाय मॅडम," शंभूराज म्हणाला. फरीदाला वाटलं, लाजतंय पोर. तोंडानं बोलणारी जात वेगळी आणि बोटानं बोलणारी वेगळी. तिला बोटानं बोलणारी चालत होती. चालत होती कशाला, तिला तेवढीच होती.

जानेवारीत प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. संगणकाच्या पडद्यावर सव्वीस नावं, आणि प्रत्येकापुढं महिनाभराच्या हिरव्या खुणांची ओळ. "शेकडा शंभर, मॅडम! सांगलीला तीस कॉलेजांचा मेळावा आहे. तिथं तुम्ही हे सादर करायचं. आपल्या कॉलेजचं नाव निघालं पाहिजे." फरीदानं घरी जाऊन कपाटातली जांभळी साडी काढली, अम्मीच्या वेळची. इस्त्री करून दाराच्या मागं लावली.

मेळाव्यात पडद्यावर दाखवायला काहीतरी छान पाहिजे, म्हणून त्या दिवशी तिनं सकाळी वर्गातच वेगळा प्रश्न सांगितला. आपल्या दारातल्या एका झाडाचं पान, त्याचा फोटो, आणि त्याच्या शिरा कशा आहेत ते लिहा.

सव्वीस पानं आली. आंबा, पेरू, शेवगा, लिंब, चाफा, ऊस, मका. ती एकेक मोठं करून बघत होती आणि जीव सुखावत होता. चोविसावं जास्वंद. पंचविसावं बेल. सव्विसावं उघडलं आणि ती थांबली. ते पान वाळलेलं होतं. तमालपत्र. मसाल्यातलं.

दारात तमालपत्राचं झाड? ह्या भागात?

मग तिनं पानावरची नजर काढली आणि पानाखालचं बघितलं. लाल पत्रा. त्यावर वाकडा ओरखडा, आणि कडेला निम्मा फाटलेला स्टिकर, त्यातली 'आशी' एवढीच अक्षरं राहिलेली. तिनं जास्वंद उघडलं. लाल पत्रा, ओरखडा, 'आशी'. बेल उघडला, चाफा उघडला, ऊस उघडला. सव्वीसच्या सव्वीस पानं एकाच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवली होती.

चोवीस वर्षं पानांच्या शिरा बघितलेली बाई ती. पान कुठल्या झाडाचं ते पाठीमागनं ओळखायची. आणि महिनाभर तिला हे दिसलं नव्हतं. तिनं मागचे सगळे दिवस उघडले. रोज सव्वीस उत्तरं, सातला चालू, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं, एकामागून एक. रोज सगळे एकदम भुकेले, नाहीतर सगळे एकदम थट्टेखोर. सव्वीस माणसं बोलत नव्हती. रोज एकच माणूस बोलत होता.

खाली मनुबाईंच्या मालिकेतली सासू ओरडत होती. फरीदानं मोबाईल उपडा ठेवला. त्या दिवशी तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही.

सकाळी वर्गात ती फळ्याकडं वळलीच नाही. कधीमधी ट्रॅक्टरवरनं कॉलेजला येणारा वर्गात एकच होता.

"विश्वजीत, तुमच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड लाल आहे का?"

"व्हय मॅडम." विश्वजीत उभा राहिला. उंच, वडील फौजेत, त्यामुळं उभा राहायचा तो सावधानमध्येच.

"त्यावर स्टिकर आहे?"

"आईचा आशीर्वाद. निम्मा फाटलाय. तुमास्नी कसं ठावं?" मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आयला," तो हळूच म्हणाला.

"सव्वीस पानं तू एकट्यानं तोडलीस?"

"व्हय मॅडम. तीन वाजल्यापास्नं फिरत हुतो. चाफ्यासाठनं त्या सावंताचं कुत्रं मागं लागलं. पंचवीस झाडं गावली, सव्विसावं गावंना. मंग आईच्या मसाल्याच्या डब्यातनं घ्येतलं. लय शिव्या खाल्ल्या."

मागनं कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

"म्हणजे पंचवीस जणांची चोरी तू केलीस."

"चोरी?" विश्वजीतला खरंच लागलं ते. "न्हाई मॅडम, चोरी कशी? पैरा केला."

फरीदा बघत राहिली. औंधची पोर ती, पैरा म्हणजे काय तिला सांगायला नको. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात खपायचं, उद्या माझ्या, परवा त्याच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, ज्यानं त्यानं आपली पाळी चुकवायची नाही. सगळं शिवार त्यावर चालतं. पण अभ्यासाचा पैरा तिनं जन्मात ऐकला नव्हता.

साक्षी उठली. बोलकी तीच. "मॅडम, रेंज निस्ती पाण्याच्या टाकीपशी येती. सातला आमची धारा काढायची येळ. सव्वीस जणांनी रोज टाकीवर जायचं, त्यापरीस एकानं जायचं. रोल नंबरप्रमाणं. पंचवीस दिस मोकळं. पासवर्ड सगळ्यांचं ठावंच हायत. आन कुणी चुकलं तर त्याला दोन येळा. एकदम नेमानं केलंय मॅडम. कुणी दगाफटका केला न्हाई."

तिच्या बोलण्यात अपराध नावालासुद्धा नव्हता. उलट कौतुकच होतं.

"बरं," फरीदा म्हणाली. "साक्षी, खोडाची रचना सांग."

"मॅडम, माझं फूल हुतं."

"तू सांग रे, फळाचे प्रकार?"

"माझं बी, मॅडम. बीचं काय बी इच्यारा."

आणि खरंच सांगतं हो पोरगं. बीचं असं काही सांगितलं त्यानं, की पुस्तकात नव्हतं. साक्षीला फुलाचं सगळं येत होतं. विश्वजीत सव्वीस पानांच्या शिरा डोळे मिटून सांगत होता. ज्याचा नंबर ज्या दिवशी, त्या दिवसाचा धडा तो बापजन्मात विसरणार नव्हता, आणि बाकीचे पंचवीस धडे त्याच्या गावीही नव्हते. सव्वीस जण एकावर एक उभे केले असते तर एक विद्यार्थी पहिल्या वर्गात पास झाला असता. एरवी फरीदा हसली असती.

"शंभूराज, तुझं काय होतं?"

"मूळ, मॅडम," तो भिंतीला टेकूनच म्हणाला. "पयला नंबर माझा लावला. मला जमलं न्हाई. विश्वजीतनं बसून करून दिलं."

"आणि आईचा हात?"

शंभूराजनं मान खाली घातली. साक्षीनंच सांगितलं. "ते मी लिवलं हुतं, मॅडम. त्या दिशी माझा नंबर. सव्वीस रकानं भरायचं म्हंजे सुचाय नगं का? मोकळा सोडला की अर्धा मार्क जातोय. हात खरंच मोडला हुता, पर माझ्या चुलतीचा. म्हटलं, शंभूराजच्या नावावर घालावा."

"मी त्याला उत्तर लिहिलं होतं."

"वाचलं की मॅडम. माझ्या नंबरादिशी मागची पुढची सगळी वाचली. मान अवघडली. तुमी लय लिवता."

वर्ग हसला. वाईट मनानं नाही, पोरं हसतात तसा. फरीदानं त्यांच्याकडं बघितलं, आणि तिला जो एक प्रश्न विचारायचा होता तो तिनं विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला उत्तराची भीती वाटली. त्या महिन्याभरात बोलल्याचा आनंद कुणाला झाला होता का, एवढंच तिला पाहिजे होतं. पण रकाना मोकळा सोडला की अर्धा मार्क जातो, म्हणूनच तो भरला जात होता, हे तिला आता कळलं होतं.

ती डेस्कवरचं खडूचं खोकं बंद करत म्हणाली, "उद्यापासनं त्याला मार्क नाहीत. इंटरनलची वर्गात साधी परीक्षा होईल. सातला लिंक येईल. ज्याला वाटेल त्यानं लिहा. नाही वाटलं तर नका लिहू. आणि पासवर्ड बदला."

"म्हंजे नाय लिवलं तरी चालंल?" विश्वजीतनं खात्री करून घेतली.

"चालेल."

"हो मॅडम," सव्वीस जण एका सुरात म्हणाले.

प्राचार्यांना घाम फुटला. "अहो, मेळावा आठवड्यावर आलाय! मार्क काढले की ह्या हिरव्या खुणांचं काय होईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय सर."

"मग आठ दिवस थांबा. सादर करा, टाळ्या घ्या, मग काढा मार्क. कुणाचं नुकसान नाही."

"माझं आहे, सर. मला बघायचंय कोण बोलतंय."

"आणि कुणीच नाही बोललं तर?"

हा प्रश्न खरा होता. प्राचार्य मुद्दाम टोचायला म्हणाले नव्हते, तेही भले माणूस. पहिल्यांदाच समोरचा माणूस तिच्या तोंडाकडं बघत बसला होता. "मग नाही बोललं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

सांगलीला संगणकाचे सर गेले, दुसरा विषय घेऊन. जांभळी साडी दाराच्या मागनं परत कपाटात गेली.

पहिल्या दिवशी सातला लिंक गेली. फरीदा मोबाईल समोर ठेवून बसली. साडेसात झाले, आठ झाले. एकदा फोन वाजला, तर सबीना. "आपा, आज पोरं काय म्हणाली?" फरीदा म्हणाली, "आज सुट्टी होती." खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळं तिचा आवाज चिरकला. मागची भांडणं तेवढी ऐकू येत होती. "लोणंदला ये की आठ दिस," सबीना म्हणाली. फरीदा म्हणाली, "परीक्षा हायत."

सव्वीसपैकी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एक आलं, ती धावली, तर साक्षीनं विचारलं होतं, 'मॅडम, पासवर्ड बदलायचा कुठनं?' तिनं सांगितलं. त्यावर एक अंगठा आला, आणि संपलं.

चौथ्या दिवशी मनुबाई वर आल्या. मालिकेच्या मधल्या जाहिरातीत.

"हसू आयकू येत न्हाई आताशा."

"काम जास्त आहे, मनुबाई."

मनुबाई उंबऱ्यात टेकल्या. "बिनसलं व्हय त्याच्यासंगं?"

फरीदाला सांगावंसं वाटलं, की तसा कुणी नव्हता. मग वाटलं, होता तर खरा. रोज निराळा, सव्वीस नावांचा. ती म्हणाली, "व्हय. बिनसलं."

"जाऊ द्या. आसलंच असतंय," मनुबाई म्हणाल्या आणि जाहिरात संपली म्हणून खाली गेल्या.

तरी रोज सातला लिंक जात राहिली. तिला कुणी विचारलं असतं, का पाठवतेस बाई, तर तिला सांगता आलं नसतं. पाच प्रश्न काढायला तिला घरी आल्यापासनं सातपर्यंतचा वेळ लागायचा. पूर्वी ती सोपे काढायची. आता कुणी बघणारच नाही म्हटल्यावर तिनं स्वतःला आवडतील असे काढायला सुरुवात केली. सूर्यफूल वळतं ते कुठल्या वयापर्यंत? वडाला फूल असतं, मग ते दिसत का नाही? पाठवायची, आणि मोबाईल उताणा ठेवून कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर जायची. कान मात्र खोलीत.

अकराव्या दिवशी गच्चीवर असताना टुण्‌ झालं. तिनं लगबग केली नाही. दूध वाढवायचं का म्हणून दूधवाल्याचा निरोप असेल, नाहीतर सबीना. पाणी घालून झालं, हात पुसले, मग मोबाईल घेतला.

शंभूराज होता. पाच प्रश्नांतल्या एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. खालच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मॅडम मला पहिल्यापासूनच काही समजत नाही. मूळ पण विश्वजीतनं करून दिलं. वर्गात विचारलं की सगळे बघतात. खोड म्हणजे नक्की काय, इथून सांगता का?'

फरीदा पायरीवर बसली. तिनं ते दोनदा वाचलं. हे साक्षीनं तर लिहिलं नसेल? विश्वजीतनं? मग तिच्या लक्षात आलं, की ह्याला आता मार्क नाहीत. पैऱ्यावर हे लिहायला कुणी टाकीवर जाणार नाही.

तिनं लिहायला घेतलं. सवयीनं पानभर लिहिलं, खोडाची व्याख्या, कार्यं, प्रकार. मग साक्षीची अवघडलेली मान आठवली आणि तिनं ते सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, छोटं.

'तू आत्ता कुठं आहेस?'

'टाकीवर, मॅडम.'

'जवळ ऊस आहे का?'

'चारी बाजूला ऊसच हाय.'

'एक कांडं तोड. मधोमध आडवं काप. कापलेल्या तोंडावर बारीक बारीक ठिपके दिसतील. ते कसे आहेत ते मला सांग. गोलात लावलेत का कसेही पसरलेत?'

बराच वेळ काही नाही. फरीदाला वाटलं, गेलं पोर. फार विचारलं आपण, परत तेच केलं. खाली मनुबाईंची मालिका संपल्याचं गाणं लागलं. गच्चीवर गार वारं सुटलं होतं, आणि लांब कुठंतरी उसाच्या ट्रॉलीवर स्पीकर वाजत होता.

मग टुण्‌.

'थांबा मॅडम. कोयता घिऊन येतो.'

'थांबते,' तिनं लिहिलं, आणि पदर अंगाभोवती गुंडाळून घेऊन पायरीवर बसून राहिली.